फणसोंब्यातले औषध शोधताना

कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर वाढणारा, लाकडासारखा कठीण फणसोंबा, म्हणजे एक प्रकारची बुरशी किंवा कवक, पुण्यातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतो. तो उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावण्याची रीत अनेक घरांत होती. फेलिनस आणि तिच्या जवळच्या प्रजातींमधील ही कवके लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन विघटित करतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच त्यांचा तपकिरी गर काळा पडतो, आणि हे दृश्य मला आजही तितकेच आवडते.

दाहरोधक घटक शोधण्याची आमची पद्धत सरळ आहे. वाळवलेल्या कवकाची पूड मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढायचा, सिलिकाच्या स्तंभातून त्याचे अंश वेगळे करायचे आणि प्रत्येक अंश उंदराच्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना द्यायचा. जिवाणूंच्या भित्तिकेतील लिपोपॉलिसॅकराइडने चेतवलेल्या या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात; ग्रीस (Griess) अभिकर्मक हे रसायन घातल्यावर त्यापासून बनलेल्या नायट्राइटमुळे गुलाबी रंग येतो, म्हणून रंग जितका फिका, तितका दाह कमी झाला असे आपण मानतो.

इथेच मी एकदा फसलो. एका अंशाने रंग जवळजवळ नाहीसा केला, तेव्हा मला अतोनात आनंद झाला. परंतु त्याच पेशींची एमटीटी चाचणी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे दाखवणारी चाचणी, केल्यावर त्यातील बहुतेक मेलेल्या आढळल्या. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, एवढाच त्या फिक्या रंगाचा अर्थ होता. तेव्हापासून या दोन्ही चाचण्या मी एकाच दिवशी, एकाच तुकडीतील पेशींवर करतो आणि पेशी जिवंत असल्याचे दिसल्याशिवाय रंगाच्या आकड्याकडे पाहत नाही.

दुसरा एक अंश पेशींना न मारता रंग फिका करत होता. त्याच्या शुद्धीकरणात कित्येक महिने गेले आणि शेवटी रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर आलेखातून निघाले एर्गोस्टेरॉल पेरॉक्साइड, जे असंख्य अळंब्यांत सापडते आणि ज्याचा दाहरोधक गुण आधीच नोंदलेला आहे. मला ते अपयश वाटत नाही, पण ही ओळख सुरुवातीलाच रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने पटवायला हवी होती. आता नवा अर्क आला की आधी ज्ञात रेणूंची वस्तुमाने ताडून पाहतो, आणि हिस्पिडिनसारखे पिवळे घटक असतील तर त्यांच्या स्वतःच्या रंगाचे मोजमाप पेशींविना वेगळे घेतो. या आठवड्यात गुलमोहराच्या बुंध्यावरून आणलेल्या गॅनोडर्मा या दुसऱ्या कवकाचा अर्क भिजत घातला आहे.