पाडव्याची गाठी, मागच्या अंगणातली

२२ फेब्रुवारी, शनिवार

मेपलच्या झाडांचा रस काढून, आटवून घरचं सिरप करायचं, म्हणून सकाळी गुडघाभर बर्फ तुडवत चौघंही मागच्या अंगणात. आई (सासूबाई) खिडकीतून देखरेख करणार म्हणाल्या. गेल्या ऑक्टोबरात पानं होती तेव्हाच बुंध्यांना लाल लोकर बांधून ठेवली होती, कारण पानं झडली की मेपल कुठला आणि ओक कुठला हे आम्हाला कळत नाही. नंतर शेजारच्या आजोबांनी सांगितलं की मेपलच्या फांद्या समोरासमोर फुटतात, ओकच्या एकाआड एक. म्हणजे लोकर वाया. असो.

झाडं चार. दोन नॉर्वे मेपल, दोन लाल. ज्याचं सगळीकडे नाव आहे तो शुगर मेपल दोन घरं सोडून, दुसऱ्याच्या अंगणात. मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेताना शाळा बघितल्या, रेल्वेस्टेशन बघितलं, झाडांच्या जाती कोण बघतं?

छातीच्या उंचीला, जरासं वरच्या दिशेने तिरकं, दीड-दोन इंच खोल भोक पाडायचं, म्हणजे रस आपोआप बाहेर ओघळतो. ड्रिलमधून पांढरट भुसा यायला हवा. पाचव्या भोकातून तपकिरी आला. तिथलं लाकूड मेलेलं होतं, ते भोक सोडून दिलं. बाकी चार ठिकाणी तोट्या ठोकल्या. ठोकताना आवाज एकदम बद्द झाला की हातोडी थांबवायची, नाहीतर साल फाटते. पहिला थेंब थोरलीने बोटावर घेतला.

"पाणी आहे हे," ती म्हणाली. खरंच पाणीच. शंभर भागांत दीड-दोन भाग साखर असेल तर जिभेला काय कळणार?

आईंनी खिडकी किलकिली करून विचारलं, "म्हणजे नीराच की ही! ठेवली तर ताडी होते का?" डोंबिवलीत उभा जन्म गेल्यावर स्टेशनावरची नीरा आठवणारच. ताडी बहुधा नाही होत, पण उन्हात राहिला तर हाही रस आंबतो आणि फुकट जातो. म्हणून बादल्या बर्फात पुरून ठेवायच्या.

१ मार्च

रात्री उणे सहा, दुपारी सात. हेच हवं. रात्री गोठलं की झाड मुळांतून पाणी वर ओढून घेतं, दिवसा ऊब आली की आत दाब वाढतो आणि रस भोकावाटे बाहेर येतो. गेल्या उन्हाळ्यात साठवलेल्या पिष्टाची साखर झालेली असते, ती त्यातच. सलग थंडी पडली तर थेंब नाही, सलग ऊब आली तरी नाही.

नवऱ्याने अर्थातच तक्ता केला आहे. ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, एक लिटर सिरपला किती लिटर रस लागेल ते येतं. शुगर मेपलच्या रसात दोन टक्के धरले तर सुमारे ४३. आमच्या रसात १.६ टक्के निघाले. म्हणजे ५४!

८ मार्च

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

२६ लिटर साठला होता. बाहेर वारा, म्हणून स्वयंपाकघरातच गॅसवर आटवू म्हटलं. साधं गणित होतं, पण आमच्यापैकी कोणी केलं नाही: अर्धा लिटर सिरप उरणार, तर उरलेलं साडेपंचवीस लिटर पाणी जाणार कुठे? ते छताला गेलं, भिंतींना गेलं, देव्हाऱ्यामागच्या वॉलपेपरची कड सुटली. धुराचा अलार्म तीनदा. आईंनी निरांजन उचलून बेडरूममध्ये नेलं, बोलल्या काही नाहीत. ते जास्त लागलं.

रात्री नऊला पातेल्यात जेमतेम तळ झाकेल इतकं उरलं होतं. माझा फोन वाजला. चार मिनिटं, फार तर पाच. परत आले तर काळा फेस, आणि होळीत नारळ जळतो तसा वास. दिवसभर काही म्हणजे काही होत नाही, आणि जे व्हायचं ते शेवटच्या दहा मिनिटांत.

गावी अण्णांना (माझ्या वडिलांना) सांगितलं तर आधी पोटभर हसले. "अगं, काकवीला आल्यावर काहिलीकडं पाठ फिरवतात व्हय?"

पन्हाळ्याच्या खाली आमच्या गावात दोन गुऱ्हाळं होती. आमचा ऊस लागला की मी तिथेच पडीक. पण चुलाणापासून आम्हा पोरांना दहा हात लांब उभं करायचे. उकळती काहील, पाय घसरला तर संपलं. केळीच्या पानावर गरम काकवी मिळायची ती लांबूनच. म्हणजे गूळ होताना मी शेकडो वेळा पाहिला, आणि काहिलीत काय चाललंय ते एकदाही नाही.

१५ मार्च

होळी गुरुवारी झाली. चूल शनिवारी पेटवली. इथे आमचे सगळेच सण शनिवारी येतात.

सिमेंटच्या ठोकळ्यांची चूल, वर केटरिंगवाले पुलाव ठेवतात तसले दोन उथळ स्टीलचे ट्रे. सकाळी सातला जाळ घातला. ५४ लिटर. उथळ भांडं, मोठा जाळ, आणि नवा रस थोडा थोडा घालायचा म्हणजे उकळी मोडत नाही. फेस उतू जायला लागला की इथले लोक लोण्याचा कण टाकतात, मी तूप टाकलं. फेस खाली बसला तशी मी एकटीच हसले. आमच्या गुऱ्हाळावर शेंगतेलाचा थेंब टाकायचे, तेवढं लांबूनही दिसायचं.

दुपारी शेजारचे आजोबा खुर्ची घेऊन येऊन बसले. गोऱ्यांच्या आधी इथले अबेनाकी आणि इतर मूळ लोक हे करायचे, त्यांच्याकडूनच आम्ही शिकलो, म्हणाले. मग पुरणपोळी खाल्ली, दोन, आणि विचारलं की हिच्यावर सिरप घालतात का. आईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी उरलं ते आत आणलं. इथे सात, तिथे पहाटेचे साडेचार. अण्णा उठलेलेच असतात. व्हिडिओ लावला. थोरलीने दुपारीच साधं पाणी उकळून बघितलं होतं: ९९.६. त्याच्या वर चार अंश म्हणजे सिरप. ती थर्मामीटर धरून उभी.

"झारा उचल," अण्णा. "थेंब थेंब पडतंय का पडदा धरतंय?"

दोन थेंब काठावर एकमेकांना चिकटले आणि पदरासारखे खाली लोंबले.

"उतरवू?"

"मला काय इचारतीस? मी ऊस घालणारा. गुळव्या म्हणंल तवा उतरायचं, आमी कोण बोलणार?"

थोरली म्हणाली, "अजून अर्धा अंश." मी गॅस बंद केला. ती रुसली. नंतर गाळून बाटलीत भरलं, लोकरीच्या जाड कापडातून. कापडावर राखाडी, रेवाळ गाळ राहतो, तो झाडाच्याच क्षारांचा. लिटरभर भरलं, जरा पातळ. तिचंच बरोबर होतं.

रात्री गरम भाकरी, तूप आणि हे. काकवीसारखं नाही. काकवीला जी खारट, मातकट धार असते ती नाही, इथे लाकडाचा, व्हॅनिलासारखा वास. धाकट्याने ताट चाटलं.

२९ मार्च

लाल मेपलच्या कळ्या फुगल्या. रस पिवळट, वास नको तसा. तोट्या काढल्या. भोकं बुजवायची नसतात, झाड आपलं आपण बुजवतं. मधल्या दिवसांत आणखी २६ लिटर आटवला. सगळा मिळून ८० लिटर रस, दीड लिटर सिरप. जळलेलं धरलं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

या वर्षी गाठी दुकानातली नको, असं मीच बोलून बसले होते. पाव लिटर सिरप ११३ अंशांपर्यंत नेलं, थोडं निवू दिलं, मग लाकडी चमच्याने घोटलं. चकाकी जाऊन ते दुधाळ होतं, आणि तेव्हा हात चालवावा लागतो. मिनी इडलीच्या साच्यात दोरा ठेवून ओतलं. आठ चकत्या, तीन मोडल्या, दोरा जरा तिरका.

"गाठी पांढरी असते," आई म्हणाल्या. मग एक तुकडा तोंडात टाकला, आणि दुसरा.

पाच चकत्यांची तपकिरी गाठी डेकवरच्या गुढीला बांधली. कडुलिंब नव्हता. संध्याकाळी गुढी उतरवली तर दोऱ्याला दोनच चकत्या. मी खारींना नावं ठेवत होते, तेवढ्यात धाकटा पापा घ्यायला जवळ आला आणि त्याच्या गालाला व्हॅनिलासारखा वास आला.