सरांचं हँडल आणि माझी चूक

रत्नागिरीत माझं छोटं गॅरेज आहे. गेल्या पावसाळ्यात एक रिटायर्ड सर आले, पॅसेंजर साइडने सरकत सरकत उतरले, म्हणाले ड्रायव्हरचा दरवाजा उघडतच नाही, ना बाहेरून ना आतून. जुनी गाडी, वर उचलायचं प्लास्टिकचं हँडल. वर्षात २ वेळा तुटलं म्हणून यावेळी नवीन लावल्या लावल्या सरांनी घरीच इलाज केलेला. फ्लॅपला आतून ॲल्युमिनियमची पट्टी, २ पॉप रिबिट, वरून एमसील, घासून काळा रंग. खोटं कशाला बोलू, काम एकदम सफाईदार होतं.

हँडल शाबूतच, पण उचललं की नुसतंच हलकं वर येतं, हाताला काही लागतच नाही. म्हणजे हँडलपासून लॉकपर्यंत जाणारा रॉड सुटला. आता बंद दरवाजाचा पॅड, म्हणजे आतलं कव्हर, काढायचा म्हणजे काय वैताग असतो ते करणाऱ्यालाच माहीत, सीट पूर्ण मागे, गुडघे गिअरवर, स्क्रू निघाले तरी पॅड डॅशबोर्डला अडतो. शेवटी फटीतून हात घातला, पत्र्याच्या कडेने मनगट सोललं, आणि तळाला रॉडची प्लास्टिक क्लिप सापडली, २ तुकडे. पोऱ्याला म्हटलं बाहेरून दरवाजा आत दाबून धर, आणि लांब स्क्रू ड्रायव्हरने लॉकची पट्टी ढकलली तेव्हा कुठे खट्ट करून उघडला.

लॉक बाहेर काढलं तर ग्रीस वाळून गूळ झालेलं, त्यात लाल माती, खारी हवा, गंज. लॉकची पट्टी बोटाने हलेना. त्यात दरवाजा बिजागरीत थोडा खाली बसलेला, त्यामुळे लॉक स्ट्रायकरवर, म्हणजे चौकटीवरच्या ज्या कडीत ते अडकतं तिच्यावर, घासत होतं. म्हणजे सर रोज जोर लावून ओढायचे, आधी तो जोर हँडल खायचं आणि तुटायचं, हँडलला ॲल्युमिनियमची पट्टी लावल्यावर तोच जोर क्लिपवर गेला.

आणि आधीची दोन्ही हँडलं बदलली कोणी, तर मीच. लॉककडे बघितलंसुद्धा नव्हतं. सरांना तसं सांगून टाकलं, मजुरी घेतली नाही.

लॉक डिझेलने धुतलं, नवीन ग्रीस, स्ट्रायकर जरासा खाली घेतला, नवी क्लिप टाकली. साधं हँडल लावलं, २ बोटांनी उघडायला लागलं.

सर पट्टीवालं हँडल खिशात टाकत म्हणाले, "हे राहू दे माझ्याकडे, कोळशाच्या पेटीला झाकण उचलायला होईल."