तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळची वर्गणी आणि मे महिन्यातला मका

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या काउंटरवर. "नाताळला तुम्ही आफ्रिकेत पैसे पाठवता म्हणे. इथली गरीब मुलं संपली का?" विचारणारा बहुधा हसत विचारतो आणि मीही हसून वेळ मारून नेतो. यंदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, पण टोमणा म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आणि दारात उभं राहून याचं उत्तर देणं जमेना. काकू, म्हणून हे लिहितोय.

पहिलं सांगतो, इथली मुलं संपलेली नाहीत. मी नगर जिल्ह्यातला, साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून आयुष्य गेलं. ऊसतोडीच्या टोळ्या, त्यांच्या कोप्या, कोपीसमोर धुळीत बसलेली पोरं मी रोज बघितली आहेत. त्यांच्यासाठी जे करतो ते दिवाळीनंतर, गळीत सुरू झालं की करतो. त्याबद्दल मला कुणी कधी विचारत नाही. प्रश्न फक्त आफ्रिकेचाच येतो.

आता आफ्रिका. माझी आफ्रिका म्हणजे एक देश, मलावी, आणि त्या देशातला एक कोपरा. दक्षिणेला शिरे नदीच्या खोऱ्यात न्चालो नावाचं गाव आहे, तिथं उसाचे मळे आणि साखर कारखाना. 2010 साली मी तिथं नोकरीला गेलो आणि चार हंगाम राहिलो. ब्लँटायर शहराहून निघालं की गाडी घाट उतरते आणि खाली पोचेपर्यंत हवा भट्टीसारखी होते. डिसेंबरात पारा चाळीसच्या वर. आमच्या गड्यांना वाटायचं भारतातून आलेल्या माणसाला उन्हाचं काय! मी मात्र ओला टॉवेल मानेवर टाकून लॅबमध्ये बसायचो.

तिथला गळीत हंगाम आपल्या उलटा. एप्रिलमध्ये सुरू, नोव्हेंबरच्या सुमाराला बंद. नोव्हेंबरात पाऊस लागतो, ऊसतोडीचं काम थांबतं, माणसं घरी जाऊन मका पेरतात. त्या मक्याची कणसं हातात यायची ती मार्च-एप्रिलमध्ये. मधले जानेवारी-फेब्रुवारी हे महिने मजुरीचेही नाहीत आणि घरातल्या धान्याचेही नाहीत. गेल्या वर्षीचा मका संपलेला, नवा शेतात गुडघाभर उभा, बाजारात भाव वर्षातला सगळ्यात चढा. या दिवसांना तिथं 'न्जाला' म्हणतात, म्हणजे भूक. ऋतूचं नाव घ्यावं तसं सहज म्हणतात.

आणि या भुकेच्या अगदी उंबरठ्यावर येतो नाताळ.

पहिल्या वर्षी गावातल्या देवळात (आम्ही नगरकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो) परदेशातल्या कुठल्याशा मंडळीकडून (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) भेटींची खोकी आली. प्रत्येक खोक्यात दात घासायचा ब्रश, रंगीत खडू, एखादं खेळणं आणि प्रेमानं विणलेली लोकरीची टोपी. नाताळसाठी निघालेली खोकी बंदर, कस्टम करत मार्चमध्ये पोचली. खोकी साठ, मुलं दोनशेच्या आसपास. तिथं पाळकाला 'अबुसा' म्हणतात, शब्दाचा अर्थ मेंढपाळ. आमच्या अबुसांनी साठ मुलं कशी निवडली ते मला माहीत नाही, पण त्या रविवारी उपासना संपल्यावर ते मागच्या दाराने गेले. एका मुलाला सेलवर चालणारी मोटार मिळाली होती. दोन दिवसांत सेल संपला. तसला बारका सेल न्चालोच्या बाजारात मिळत नव्हता. लोकरीची टोपी मात्र एका म्हातारबाबांनी वर्षभर वापरली, त्या उन्हात!

मी तेव्हा मनात म्हटलं, हे गोरे लोक, यांना काही कळत नाही. पुढच्या वर्षी आम्ही दाखवू.

दाखवलं. डिसेंबर 2011 मध्ये आम्ही चार भारतीय कुटुंबांनी पैसे जमवून मुलांना नाताळचं जेवण दिलं. भात आणि कोंबडी. तिथं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा. मक्याच्या पांढऱ्या पिठाची, मोदकाची उकड काढतो तशी, फक्त जास्त घट्ट. सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी, नाहीतर 'उसिपा' नावाची बोटाएवढी सुकी मासळी, आपलं सुकटच म्हणा. भात हा सणाचा पदार्थ. मुलं पानांचे घागरे बांधून, डब्यांचे ढोल वाजवत नाचली, पोटभर जेवली. आम्ही फोटो काढले, ते घरी पाठवले, इथल्या नातेवाइकांनी वा वा केली.

जानेवारीच्या शेवटी अबुसा घरी आले. बराच वेळ पावसाबद्दल बोलले. मग म्हणाले, थोडं पीठ मिळालं तर बरं होईल. मी, खोटं कशाला बोलू, वैतागलो. जेमतेम महिना झाला, एवढा खर्च केला, परत मागायला आले! पीठ दिलं, पण माझं तोंड कसं झालं असेल ते त्यांनी पाहिलं असणारच.

त्यानंतर आठवड्याभराने मळ्याच्या कडेनं गाडीतून जात होतो. नदीच्या बाजूनं एक दहा-अकरा वर्षांची मुलगी येत होती. कमरेपर्यंत भिजलेली, डोक्यावर टोपली, टोपलीत चिखलाने माखलेले काळपट गड्डे. ड्रायव्हरला विचारलं हे काय. "न्यिका," तो म्हणाला. पाणकमळाचे कंद. पाण्यात उतरून चिखलातून उपटून काढायचे, मग शिजवून खायचे. शिरे नदी मगरींची आहे. हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि त्या मुलीलाही होतं. तिच्या अंगातला फ्रॉक मी ओळखला. माझ्या फोटोत ती पहिल्या रांगेत होती, हातात कोंबडीची तंगडी घेऊन.

घरी येऊन मी तो फोटो परत उघडला आणि पुन्हा बंद केला.

पुढे काय करायचं हे मी ठरवलेलं नाही, तिथल्या बायकांनी ठरवलं. देवळाच्या महिला मंडळाच्या प्रमुख बाई, सगळे त्यांना 'अमायी' म्हणायचे, म्हणजे आई, एप्रिलमध्ये आमच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुम्हाला डिसेंबरात द्यायला आवडतं, द्या. पण आम्ही ते डिसेंबरात खर्च करणार नाही. पैसे मेपर्यंत ठेवू. तेव्हा सुगी असते, जो तो मका विकायला काढतो, भाव पडलेला असतो. त्या पैशांत जानेवारीत एक पोतं येतं, तिथं मेमध्ये दोन येतात. तेव्हा घेऊ, साठवू आणि न्जाला आली की वाटू.

मी हिशेबातला माणूस. हे मला सुचायला हवं होतं.

तर काकू, आमची वर्गणी अशी चालते. या डिसेंबरात जमलेल्या पैशांचा मका पुढच्या मेमध्ये घेतला जातो आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत ताटात पडतो. वर्गणी देणाऱ्याला तेरा महिने काहीच दिसत नाही. नगरच्या आमच्या मंडळीत पहिल्या वर्षी यावरूनच कुरबुर झाली. "नाताळला दिलं आणि नाताळला मुलांना काहीच नाही?" मंडळीतला एक भाऊ तर एवढं तरी विचारा म्हणाला, की थोडी चॉकलेटं वाटता येतील का. मी विचारलं. अमायींनी निरोप पाठवला, चॉकलेटं आवडतात, पण दोनशे पाहिजेत, साठ नकोत.

साठवण हा वेगळाच व्याप. मक्याला किडा लागतो, आणि लागला की दोन-तीन महिन्यांत दाण्याचा भुसा. सुरुवातीला त्यांनी जुन्या पद्धतीच्या कणगीत ठेवला, 'न्खोक्वे' म्हणतात तिला. पहिल्याच वर्षी बरंच नुकसान झालं. मग तीन पदरी हवाबंद पोती घेतली. आतला प्लास्टिकचा पदर घट्ट पिळून बांधला की हवा कोंडते आणि किडा गुदमरून मरतो, औषध लागत नाही. पोत्याला किंमत पडते, पण जपून वापरलं तर पुढच्या हंगामालाही चालतं. उंदराने एक भोक पाडलं की सगळं मुसळ केरात, म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

ही पोती ठेवतात देवळात. इथं दुसरा प्रश्न येतो, तोही बऱ्याचदा विचारला जातो: मुलांना द्या ना, देवळाच्या छपराला कशाला? कारण त्या वस्तीत पत्र्याचं छप्पर असलेली मोठी इमारत तेवढी एकच. विटा गावकऱ्यांनी स्वतः पाडल्या, भाजल्या, भिंती स्वतः उभ्या केल्या. ते त्यांना जमतं. पत्रा विकत घ्यावा लागतो आणि तिथंच गाडं अडतं. आठवडाभर तिथं लहान मुलांचा वर्ग भरतो, पावसात शाळेचे मोठे वर्गही येतात. जानेवारी 2022 मध्ये 'आना' वादळ आलं, शिरेला पूर आला, कापिचिराचं धरण फुटून देशाच्या मोठ्या भागाची वीज गेली, तेव्हा लोक शाळांत आणि देवळांतच राहिले होते. आमच्या देवळाचा निम्मा पत्रा त्याच रात्री उडाला. पातळ होता, स्वस्तातला. तो घेताना पैसे वाचवा असं मीच सुचवलं होतं. त्या वर्षीची वर्गणी सगळी जाड पत्र्यात गेली आणि उडालेले पत्रे ठोकून सरळ करून त्यांनी संडासांवर घातले.

विटांच्या देवळाला त्या देशात इतिहासही आहे. जॉन चिलेम्ब्वे नावाचा बाप्टिस्ट पाळक होता. इंग्रजांच्या त्या काळात मळ्याच्या जमिनीवर मजुरांनी बांधलेली प्रार्थनाघरं काही मळेवाले जाळून टाकत. चिलेम्ब्वेने चिराद्झुलू भागात स्वतःच्या लोकांकडून मोठं विटांचं देऊळ बांधून घेतलं, 1913 मध्ये ते पूर्ण झालं. 1915 च्या जानेवारीत त्याने इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो फसला, चिलेम्ब्वे मारला गेला आणि सरकारने देऊळ सुरुंग लावून उडवलं. आज मलावीच्या नोटांवर त्याचा चेहरा आहे. 15 जानेवारीला त्याच्या नावाची सुट्टी असते, ऐन न्जालात.

धर्मांतराचं विचारणारेही भेटतात. त्या देशात बहुसंख्य लोक कधीचेच ख्रिस्ती आहेत, तिथं मी नगरहून जाऊन कुणाला काय ख्रिस्ती करणार. मका वाटताना मुसलमान घरंही यादीत असतात. यादी अमायी करतात, अबुसांना त्यात हात घालू देत नाहीत.

नोटांवरून आठवलं. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, 44 टक्के अवमूल्यन केलं. ज्यांचे पैसे बँकेत होते त्यांचं रातोरात पाणी झालं. आमच्या मंडळाचे पैसे तेव्हा पोत्यांत होते. 2024 च्या दुष्काळात सरकारने 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली, त्या सुगीला मेमध्येही मका महाग होता. त्या वर्षी हिशेब बसला नाही, पोती कमी आली. असंही होतं.

या सगळ्यामागे घरातली एक गोष्ट आहे. माझ्या आजीची आई दुष्काळातली पोर. 1899-1900 च्या दुष्काळात आईबाप गेले, मिशनच्या अनाथालयात वाढली. तेव्हा 'ख्रिश्चन हेरल्ड' या अमेरिकन साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी जमवली होती आणि 1900 साली न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं. मका, योगायोग बघा. त्यातलाच तिच्या ताटात आला की नाही कोण सांगणार, पण मक्याच्या कण्या ती पुढे जन्मभर खायची नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना ती होती. सांगायची की दर नाताळाला बाई फळ्यावर पत्र लिहून द्यायच्या आणि सगळ्या मुली ते पाटीवर गिरवून मग कागदावर उतरवायच्या. अमेरिकेतल्या मडमेला आभाराचं पत्र. शाईचा डाग पडला की पहिल्यापासून. "आभार मानून मानून बोटं दुखायची," म्हणायची, आणि उजव्या हाताची बोटं उघडून मिटून दाखवायची.

म्हणून मी पत्रं मागवत नाही. फोटोही मागवत नाही. वर्षातून एकदा अमायी वहीच्या पानाचा फोटो पाठवतात: किती पोती घेतली, काय भावाने, किती खराब झाली, किती घरांना गेली. तेवढं मंडळीत वाचून दाखवतो.

पाठवायची रीत विचारलीत, तीही सांगतो. बँकेत ए-2 फॉर्म भरायचा, कशासाठी पाठवताय त्याचा कोड लिहायचा, पॅन द्यायचा. करसवलत मिळत नाही. बँकेचं शुल्क दरवेळी लागतं, म्हणून सगळ्यांचं एकत्र करून एकदाच पाठवतो. काउंटरवरचा मुलगा दरवर्षी नवा असतो आणि दरवर्षी विचारतो, "अंकल, मलावी म्हणजे मालदीव ना?"

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारपर्यंत पाकिटं घेतो. काकूंनी काल दारातच पाचशे रुपये दिले. म्हणाल्या, एक तरी फोटो मागवा हो, नातवाला दाखवते. मी हो म्हणालो. अमायींना अजून विचारलेलं नाही.