शेलमधला वायू मोजताना

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मला दामोदर खोऱ्यातल्या बॅरन मेझर्स या खडकथरातल्या शेलचे, म्हणजे बारीक चिखल दबून झालेल्या दगडाचे, नमुने मिळाले आणि ते तपासायची सोय महापे एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत झाली. कळव्याहून ठाणे, ट्रान्स हार्बरने कोपरखैरणे, पुढे रिक्षा. दुर्गापूरजवळ इच्छापूरला ओएनजीसीच्या विहिरीत जानेवारी २०११ मध्ये याच शेलमधून वायू आला होता. पारसिकच्या बेसाल्टशेजारी वाढलेल्या मला हा काळा, पापुद्र्यांचा दगड हातात घेतानाच अप्रूप वाटलं. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात वायू देणारं सेंद्रिय काही नसतंच.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "वायूचं नंतर बघू. आधी यात सेंद्रिय कार्बन किती आणि तो किती शिजलाय ते काढ."

गाळात पुरलेल्या वनस्पती-शेवाळाचं केरोजेन, म्हणजे दगडात राहिलेला घन सेंद्रिय पदार्थ, होतं. साधारण ६० ते १२० अंशांत त्यातून तेल सुटतं, त्याहून जास्त तापलं की वायू. रॉक-इव्हॅल यंत्रात चिमूटभर भुकटी हवेशिवाय तापवतात. ३०० अंशांना आधीच तयार असलेले हायड्रोकार्बन निघतात, पुढे ६५० पर्यंत केरोजेन फुटतं; आलेखावर या दोन्हींचे दोन उंचवटे दिसतात. पण दगड फार तापून गेलेला असला की हा दुसरा उंचवटा बसका येतो आणि त्याच्या तापमानावर भिस्त ठेवता येत नाही. मग व्हिट्रिनाइट. लाकडापासून बनलेले हे कण सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे आणि ते किती टक्के प्रकाश परतवतात ते मोजायचं. साधारण १.३ टक्क्यांच्या वर गेलं की वायूचा टप्पा. हे काम चिकाटीचं, पण मला सगळ्यात आवडलेलं.

खरी कसोटी पुढे होती. विहिरीवर हवाबंद डब्यात ठेवलेल्या कोअरमधून, म्हणजे विहिरीतून कापून वर काढलेल्या दगडाच्या नळकांड्यातून, सुटलेल्या वायूच्या नोंदी मला मिळाल्या होत्या. डब्यात सुटलेला वायू मोजलेला असतो आणि दगडात अडकून राहिलेला भुकटी करून मोजता येतो. पण कोअर वर येताना दाब उतरतो आणि डबा बंद होईपर्यंत निघून गेलेला वायू कुणीच मोजलेला नसतो. सुरुवातीच्या नोंदी वेळेच्या वर्गमुळासमोर मांडायच्या आणि सरळ रेषा मागे शून्य वेळेपर्यंत ओढायची, एवढाच त्याचा हिशेब. ही पद्धत मुळात कोळशासाठीची. शेलमध्ये सूक्ष्म छिद्रांतला मोकळा वायू आधी पळतो, म्हणून हा न मोजलेला भाग मोठा असू शकतो. रेषेत चार बिंदू जास्त घेतले की उत्तर हलायचं. ते पाहून मी मॅडमना विचारलं, "मग खरा आकडा कोणता?" त्या म्हणाल्या, "कोणते बिंदू घेतलेस ते लिही, म्हणजे वाचणाऱ्याला तपासता येईल."

शेलच्या वायूचे मोठमोठे आकडे वाचताना आता मी आधी हेच शोधते. सापडलं नाही तर त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

प्रबंधात मी एकच आकडा न देता किमान आणि कमाल असे दोन्ही दिले, शेजारी आलेख जोडला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच आलेखावर विचारला. रेषा कुठून ओढली आणि का, हे मी बोट ठेवून दाखवलं.