माझा लॅपटॉप तर चालतोय!

रात्री साडेअकराला पाहुण्यांच्या व्हीएलएएनवर (त्यांच्यासाठी वेगळं काढलेलं नेटवर्क) अ‍ॅक्सेस लिस्ट लावली. म्हणजे कोणाला कुठे जाऊ द्यायचं याचे नियम. काम तसं किरकोळ. बाहेरून येणाऱ्यांना इंटरनेट मिळावं, आतले सर्व्हर दिसू नयेत, एवढंच. तीन ओळी: पहिली डीएनएससाठी (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) परमिट, म्हणजे मुभा, दुसरी पाहुण्यांच्या १९२.१६८.४०.० मधून आतल्या सर्व्हरच्या १०.०.०.० कडे जाणारं सगळं डिनाय, म्हणजे बंद, तिसरी त्याच १९२.१६८.४०.० ला बाकी सगळीकडे परमिट. लावण्याआधी सवयीने ‘रीलोड इन १०’ दिलं. स्वतःचंच दार बंद करून घेतलं, तर दहा मिनिटांनी स्विच (नेटवर्क जोडणारी पेटी) रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेली लिस्ट उडून जाते. (मध्यरात्री सर्व्हर रूमची किल्ली शोधत फिरलेला माणूस ही कमांड विसरत नाही.) माझा लॅपटॉप संध्याकाळपासून त्याच वाय-फायवर होता. तपासलं: इंटरनेट चालू, आतले सर्व्हर पिंगला (तपासणीच्या हाकेला) उत्तर देत नाहीत. रीलोड रद्द केला, कॉन्फिग सेव्ह केलं आणि झोपायला गेलो.

सकाळी सव्वानऊला पहिला फोन. “सर, पाहुण्यांचं नेट लागत नाहीये.” मी लॅपटॉप उघडला, लागलं. “माझ्याकडे तर चालतंय,” म्हणालो. हे वाक्य आमच्या धंद्यात बंदच करायला हवं. दहापर्यंत सात तक्रारी आल्या. खाली जाऊन एका पाहुण्याची स्क्रीन बघितली, तर आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीकडून (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) पत्ता न मिळाल्याने मशीनने स्वतःच काहीतरी लावून घेतलं होतं.

पत्त्यांचा पूल भरला असेल (सगळे पत्ते वाटून झाले असतील) म्हणून पाहिलं. निम्म्याहून जास्त रिकामा. डीएचसीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) रात्रीनंतर या व्हीएलएएनकडून एकही विनंती नाही. लिस्टवर संशय होताच, पण काउंटर (कोणती ओळ किती वेळा लागू झाली ते आकडे) बघितले तर डिनायच्या ओळीवर फक्त माझ्याच रात्रीच्या पिंगचे हिट. तिथे तासभर घालवला.

मग आठवलं, की लिस्टच्या शेवटी, वरच्या कुठल्याच ओळीत न बसणारं सगळं अडवणारी, एक न लिहिलेली डिनायची ओळ असतेच, आणि न दिसणाऱ्या ओळीचा काउंटरही दिसत नाही. तीच ओळ हाताने लिहिली, पुढे ‘लॉग’ जोडलं. काही सेकंदांत कन्सोलवर उमटलं: डिनाइड यूडीपी, ०.०.०.० पोर्ट ६८ कडून २५५.२५५.२५५.२५५ पोर्ट ६७ ला, म्हणजे पत्ता मागणारी डीएचसीपीचीच हाक.

हसू आलं आणि लाजही वाटली. पत्ता मागायला आलेल्या मशीनकडे अजून पत्ताच नसतो, म्हणून ते ०.०.०.० या नावाने हाक मारतं. माझी लिस्ट त्याला विचारत होती, तू १९२.१६८.४० चा आहेस का? माझ्या लॅपटॉपकडे मात्र लिस्ट लावण्याआधीच घेतलेला पत्ता होता, म्हणून तो सुखात.

ओळींचे क्रमांक १०, २०, ३० असे होते, त्यामुळे लिस्ट न काढता ५ नंबरवर ओळ घुसवता आली: परमिट यूडीपी, कुठूनही पोर्ट ६८, कुठेही पोर्ट ६७. खालच्या पाहुण्याला वाय-फाय बंद-चालू करायला सांगितलं. लागलं.

सेव्ह करण्याआधी माझ्या लॅपटॉपवर आयपी रिलीज केला, म्हणजे घेतलेला पत्ता सोडून दिला. रात्री करायला हवा होता, तो आता. रिन्यू दाबून श्वास रोखून बसलो. दोन सेकंदांत १९२.१६८.४० वाला नवा पत्ता आला, तेव्हा कुठे सेव्ह केलं.