नजर कुठं ठेवायची

दिवाळी अंक दिवाळीत वाचून होत नाहीत. पाहुणे, फराळ, प्रवास यांच्यात ते फक्त चाळले जातात. खरं वाचन सुरू होतं मार्गशीर्षात, वाचनालयातले अंक दोन-चार हात फिरून आल्यावर. सोलापुरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेची, चाहूल लागेपर्यंत हा हंगाम चालतो. ‘मनोरंजन’ मासिकाच्या 1909 च्या दिवाळी अंकापासून चालत आलेली ही चाल अजून टिकली आहे, पण अंकांची बांधणी मात्र टिकत नाही. बहुतेक जाडजूड अंक आता शिवलेले नसतात, कण्याला नुसता डिंक लावून चिकटवलेले असतात. टेबलावर पालथा घातला किंवा दाबून सपाट केला की कणा तडकतो आणि मधली पानं सुटतात. मग वाचनालयात कडेला तीन भोकं पाडून दोरा ओवतात आणि आतल्या समासालगतची अक्षरं त्या शिवणीत जातात. अंक हातात अर्धवटच उघडून वाचावा. सुरुवात करावी ती अनुक्रमणिकेतल्या अनोळखी नावापासून. नामवंतांकडून मजकूर मागवून घेतलेला असतो, अनोळखी लेखकाची कथा मात्र बहुधा निवडून घेतलेली असते. राशिभविष्याला पौषात काय अर्थ उरतो, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पाहण्याचं म्हणाल तर नव्या मोठ्या टीव्हीवर जुना सिनेमा बघताना काहीतरी खटकतं. सगळं गुळगुळीत, काल संध्याकाळी चित्रित केलेल्या मालिकेसारखं दिसतं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. टीव्ही त्यांच्यामध्ये स्वतःची चित्रं बनवून घुसडतो, म्हणून हा प्रकार होतो. सेटिंगमध्ये ‘मोशन’ हा शब्द जिथं दिसेल ती सोय बंद करायची. क्रिकेटला ती चालू राहिली तरी फारसं बिघडत नाही. दुसरी तक्रार घरोघरी ऐकू येते: संवाद पुटपुटल्यासारखे आणि हाणामारी कानठळ्या बसवणारी. चित्रपटाचा आवाज सहा वाटांचा असतो, संवाद मधल्या वाटेवर असतात. टीव्हीला स्पीकर दोनच, त्यात ते दबतात. ध्वनीच्या पर्यायांत 5.1 (म्हणजे त्या सहा वाटा) ऐवजी स्टिरिओ निवडलं की बरंच निभावतं. तेलुगू, कन्नड सिनेमे डब केलेले बघण्यापेक्षा मूळ आवाजात आणि खाली अक्षरं घेऊन बघावेत. सोलापुरात अनेक घरांत या भाषा बोलल्या जातात, तिथं ती अक्षरंही लागत नाहीत.

क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि आपण कॅमेऱ्यामागे. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारत 52 धावांनी जिंकला, दीप्ती शर्मानं 39 धावांत पाच बळी घेतले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट 101 वर खेळत होती तोवर सामना हातात आला नव्हता. तिचा झेल अमनजोत कौरच्या हातांतून दोनदा उसळला आणि तिसऱ्या प्रयत्नात बसला. तो झेल पुन्हा बघाल तेव्हा हातांपेक्षा डोकं बघा. चेंडू उसळतो, पण तिची नजर त्याच्यावरून हलत नाही.

खो-खोत तर चुकीच्या जागी बघणं हाच रिवाज आहे. प्रेक्षक पळणाऱ्याकडे बघतात आणि निम्मा खेळ हुकतो. बघावं बसलेल्यांकडे. नेहमीच्या खेळात मध्यपाटीवर आठ जण एकाआड एक उलट बाजूंना तोंड करून बसतात, नववा पाठलागावर असतो. त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही, धरलेली दिशा सोडता येत नाही. बाजू बदलायची तर खांबाला वळसा घाला, नाहीतर खो द्या. पळणाऱ्यांची तुकडी तिघांची, आणि त्यांना यातलं एकही बंधन नाही. म्हणजे नुसत्या वेगानं गडी मिळत नाही. खो मागून द्यायचा, हात लावून आणि तोंडानं म्हणून. हात लागण्याआधीच बसलेला उठला की फाऊल. शिट्टी वाजते, पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेनं जावं लागतं आणि हाताशी आलेला गडी निसटतो. शाळेच्या सामन्यांत बरेच गडी असेच वाचतात, बचावाच्या कौशल्यानं नाही.

एकेरी साखळी खेळणारा प्रत्येक दोघांमधून नागमोडी निघतो. तो पुढं कुठल्या फटीतून येणार याचा अंदाज बांधून जो आधीच खो देतो, तोच साखळी मोडतो. खांबाजवळ वेगळं गणित. खांब जेमतेम 120 सेंटीमीटर उंच. एका हातानं तो धरून पाठलाग करणारा आडवा झेपावतो, त्यामुळे पळणाऱ्यानं खांबाच्या फार जवळून वळू नये. मातीवर पाय थोडा घसरतो आणि गुडघ्याला सवलत मिळते. मॅटवर बूट जागीच रुततो, वळण्याचा सगळा ताण घोट्यावर येतो. मातीची सवय असलेली मुलं मॅटवर पहिल्या काही दिवसांत घोटा मुरगाळून बसतात, त्याचं कारण हे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं: महिलांनी 78-40, पुरुषांनी 54-36. तिथल्या जलद प्रकारात तुकडीनं ठराविक वेळ तग धरला की बचाव करणाऱ्यांनाही गुण मिळत होते, ‘ड्रीम रन’ म्हणून. जुन्या जाणत्यांना हे पटत नाही. बघणाऱ्याला मात्र घड्याळाकडे बघायला कारण मिळालं, हे मान्य करावं लागेल.

गाण्यात कान कुठं ठेवायचा? विलंबित, म्हणजे संथ, एकतालात सम (तालाची पहिली मात्रा) हरवते, कारण बारा मात्रांच्या मध्ये प्रचंड मोकळी जागा असते. मात्रा मोजत बसू नये. ठेक्यात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या. दुसरं तिरकिट ऐकलं की पुढं धिं, ना, आणि लगेच सम. पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं? पहिल्यानंतर ‘तू ना’ येतं, दुसऱ्यानंतर ‘धिं ना’. भजनी ठेका आठ मात्रांचा आणि टाळ सोबतीला, तिथं हरवायला जागाच नाही.

वचनं, म्हणजे लिंगायत शरणांच्या भक्तिपर रचना, मात्र अवघड. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं गड्ड्याच्या दिवसांत कानावर येतात. वचनाला अभंगासारखं ठरलेलं माप नाही, ओळ कुठं तोडायची ते गाणाऱ्यानं ठरवायचं असतं. चांगला गायक अर्थावर तोडतो, कच्चा गायक श्वास संपेल तिथं. कन्नड येत नसेल तर शेवटच्या मुद्रेकडे लक्ष ठेवावं. जशी अभंगात ‘तुका म्हणे’, तशी इथं ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’. ती आली म्हणून उठायची घाई करू नये, गायक ती आणखी तीन-चार वेळा फिरवतोच.