रान ग्रोनिंगनचं, पीक गेलं कुठे?

माझे बाबा पाटण तालुक्यात तलाठी होते. आता रिटायर आहेत पण सवय तीच, हातात कागद आला की आधी तारीख बघणार, मग कोणी दिलाय ते, आणि मग मजकूर. २०१२ साली नवऱ्याच्या पीएचडीसाठी आम्ही नेदरलंडच्या उत्तरेला ग्रोनिंगनला आलो (इथले लोक घशातून ख्रोनिंगन म्हणतात, मी सवयीने ग्रोनिंगनच लिहिते) आणि महिन्याभरात बाबांचा फोन. "अगं, तू तर युरोपातल्या चार नंबरच्या श्रीमंत जिल्ह्यात जाऊन राहिलीस!" चुलतभावाने त्यांना नेटवरून एक यादी काढून दिली होती. एवढे खूश होते की आईला फोनच देईनात.

यादी खरी होती. युरोस्टॅट म्हणजे युरोपियन युनियनचं आकडेवारीचं ऑफिस, लक्झेंबर्गला आहे, त्यांनी २०११मधे २००८ सालचे आकडे जाहीर केले होते, २७१ विभागांचे, माणशी जीडीपी किती ते, युरोपची सरासरी १०० धरून. इनर लंडन ३४३, लक्झेंबर्ग २७९, ब्रसेल्स २१६ आणि चौथं आमचं ग्रोनिंगन, १९८. हॅम्बर्ग मागे, प्राग मागे. सगळ्यात तळाला बल्गेरियाचा वायव्य भाग, २८.

मी फोनवर बोलत होते ते लॉपरसमच्या भाड्याच्या घरातून. शहरात भाडं झेपत नव्हतं म्हणून रेल्वेने वीसपंचवीस मिनिटांवरचं हे गाव बघितलेलं. खिडकीतून ओली रानं, मेंढ्या, कोपऱ्यावर बंद पडलेलं दुकान, आणि शेजारच्या आजी सायकलला पिशवी अडकवून सेलमधला ब्रेड आणायला निघालेल्या. मी म्हटलं बाबा, इथे असं काही श्रीमंत दिसत नाहीये. ते म्हणाले, तुला दिसत नसेल, सरकारी आकडा आहे तो.

नंतर मी आकड्यांच्याच कामात शिरले, एका छोट्या फर्ममधे, गावांसाठी आणि प्रांतांसाठी तुलनेचे तक्ते करायचे, तेव्हा तो १९८ आतून कळला. जमिनीखाली गॅस होता, एवढंच. १९५९मधे स्लोख्तेरनजवळ सापडला, युरोपातला सगळ्यात मोठा साठा, १९६३पासून उपसा सुरू, आणि मग कित्येक दशकं नेदरलंडमधलं जवळपास प्रत्येक घर, प्रत्येक शेगडी ह्या गॅसवर. आता जीडीपीचा नियम असा की माल जिथे तयार होतो तिथे त्याची किंमत मोजायची. समुद्रातून काढलेला गॅस कुठल्याच प्रांतात धरत नाहीत, त्याच्यासाठी वेगळा कप्पा आहे, परकीय वकिलाती आणि लष्करी तळ ज्या कप्प्यात टाकतात तोच. पण ग्रोनिंगनचा गॅस शेताखालून निघायचा, त्यामुळे सगळाच्या सगळा ग्रोनिंगन प्रांताच्या एनएल११ ह्या कोडखाली जमा. त्याला भागायचं इथल्या पावणेसहा लाख लोकांनी. आला आकडा १९८.

पैसा गेला कुठे? २०२३मधे डच संसदेच्या चौकशी समितीचा रिपोर्ट आला त्यात सगळा हिशेब दिलाय, सरकारी तिजोरीत ३६३ अब्ज युरो, शेल आणि एक्सॉन ह्या दोन कंपन्यांना मिळून ६६ अब्ज. आणि समितीने स्पष्ट लिहिलं की ग्रोनिंगनच्या लोकांच्या हिताकडे पद्धतशीर दुर्लक्ष झालं. घरटी हातात पडणारं उत्पन्न बघितलं तर हाच प्रांत देशात तळाशी असतो. पूर्वेकडच्या गावांमधे पेंढ्यापासून पुठ्ठा करायचे कारखाने होते ते बहुतेक कधीच बंद पडले. पण माणशी जीडीपीच्या तक्त्यात ह्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

बाबांना हे समजावताना माझीच गडबड व्हायची, देशांतर्गत उत्पादन, राष्ट्रीय उत्पन्न, खर्चायोग्य उत्पन्न, त्यांना सगळे शब्द सारखेच वाटायचे. शेवटी तेच म्हणाले, "थांब, म्हणजे हे सातबाऱ्यासारखं आहे. सातवर जमीन कोणाची, बारावर पीक काय. हा तुझा जीडीपी म्हणजे नुसता नमुना बारा. ह्या गटात एवढा ऊस आला, बास. तो तोडून कोणी नेला, बिल कोणाच्या खात्यात पडलं, ते त्यात नाही." मी इतक्या वर्षांत एवढं सोपं कोणाकडून ऐकलं नव्हतं, आणि आता कोणालाही सांगायचं असलं की मी हेच सांगते.

आणि एकदा हे डोक्यात बसलं ना की युरोपचे सगळे तक्ते वेगळे दिसायला लागतात. लक्झेंबर्गच घ्या. देशांच्या यादीत दर वर्षी पहिलं, सरासरीच्या दुपटीहून कितीतरी वर. पण तिथे रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून दोन लाखांवर माणसं कामाला येतात आणि संध्याकाळी आपापल्या देशात झोपायला जातात. त्यांनी केलेलं काम वरच्या अंकात, ती माणसं मात्र भाजकात नाहीत. मग आकडा फुगणारच की. घरांना प्रत्यक्षात काय काय मिळतं, म्हणजे खरेदी अधिक सरकारकडून मिळणारं शिक्षण आणि औषधपाणी, ह्या मापाने बघितलं तर लक्झेंबर्ग १४०च्या आसपास येतं. तेही वरचंच आहे, खातंपितं घर आहे ते, पण दोनशेचाळीस आणि एकशेचाळीस ह्यात केवढं अंतर आहे!

आयर्लंडचं तर विचारूच नका. २०१६च्या जुलैमधे त्यांच्या आकडेवारी खात्याने जाहीर केलं की २०१५मधे देशाची अर्थव्यवस्था २६ टक्क्यांनी वाढली. एका वर्षात! रस्त्यावरच्या माणसाला पगारात काही जाणवलं नव्हतं, झालं एवढंच की बड्या परदेशी कंपन्यांनी आपले पेटंट आणि सॉफ्टवेअरचे हक्क कागदोपत्री आयर्लंडला हलवले आणि त्यांची कमाई तिथे मोजली जायला लागली. पण मला आयरिश लोकांचं मनापासून कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. त्यांनी तो आकडा मिरवला नाही. तिथल्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली आणि २०१७पासून एक सुधारित राष्ट्रीय उत्पन्न वेगळं छापायला सुरुवात केली, ज्यात हे हक्कांचे आणि भाड्याने दिलेल्या विमानांचे घसारे, नुसतं मुख्यालय हलवलेल्या कंपन्यांचा नफा, हे सगळं बाजूला काढलेलं असतं. २०१६चा जीडीपी २७५ अब्ज युरोच्या आसपास, आणि हे सुधारित उत्पन्न १८९ अब्ज. स्वतःच्या देशाचा आकडा स्वतः छाटून दाखवायला धाडस लागतं.

भावांचा पण प्रश्न आहे. सोफियात एका युरोत येणारी पिशवी आणि कोपनहेगनमधे तेवढ्याच किमतीच्या क्रोनमधे येणारी पिशवी एक नाही, डेन्मार्कमधे भाव युरोपच्या सरासरीपेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास वर, बल्गेरियात साधारण तेवढेच खाली. म्हणून तुलना करताना एक काल्पनिक चलन वापरतात, पीपीएस म्हणतात त्याला, ज्याच्या एका नगाला सगळ्या देशांत सारखाच माल येतो. कल्पना चांगली आहे आणि त्यासाठी दुकानादुकानातून भाव गोळा करायचं कामही प्रचंड आहे. पण हा दर काढतात देशाचा. विभागाचा नाही. म्हणजे ॲमस्टरडॅमचं घरभाडं आणि लॉपरसमचं घरभाडं एकाच दराने मोजलं जातं, आमच्या तक्त्यातही तसंच, आणि मी दर वेळी खाली टीप टाकते आणि मला माहितीये की ती टीप कोणी वाचत नाही.

हे सगळं मी एवढं मनाला का लावून घेते, तर ह्या आकड्यांवर पैसे वाटले जातात म्हणून. युरोपात मागास विभागांना जो मोठा निधी मिळतो त्याची मुख्य रेष माणशी जीडीपीची, सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली असाल तर सगळ्यात जास्त मदत. २००४मधे पूर्वेकडचे देश आत आले आणि सरासरीच खाली घसरली. स्पेनमधलं अस्तुरियास, पोर्तुगालचं अल्गार्व, इटलीतलं बाझिलिकाता, हे विभाग एका रात्रीत रेषेच्या वर गेले, कोणाच्या घरात एक युरो वाढला नव्हता. त्यांना मग हळूहळू कमी होत जाणारी मदत देऊन वाटेला लावलं. उलट्या बाजूने बघा, हंगेरीने बुडापेस्टला भोवतालच्या पेश्ट जिल्ह्यापासून वेगळं काढलं, पोलंडने वॉर्सा वेगळं काढलं, लिथुआनियाने विल्नियस. राजधानी सोबत असली की तिच्या आकड्याखाली आसपासची गरीब गावं झाकली जातात, रेष हलवली की ती दिसतात. मला ह्यात लबाडी वाटत नाही. नकाशावरची रेष कुठे ओढली ह्यावर एखाद्या गावाला रस्ता मिळणार की नाही ते ठरत असेल तर ती रेष विचार करूनच ओढायला हवी.

आता परत लॉपरसमला येते. १६ ऑगस्ट २०१२, रात्री साडेदहाच्या सुमाराला मी भांडी घासत होते. आधी आवाज, एखादा मोठा ट्रक भिंतीला घासून गेल्यासारखा, मग ताटाळ्यातली ताटं वाजली आणि पायाखालची फरशी सरकली. मी पाटणची मुलगी, मला ते काय आहे हे सांगायला कोणाची गरज नव्हती. आमच्याकडे ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप अजून काल झाल्यासारखा सांगतात, बाबा तेव्हा लहान होते, आजोबांनी त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात नेलं होतं. धरणाची वीज सगळ्या महाराष्ट्राला आणि हादरे आम्हाला, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. इथे धरण नव्हतं, इथे खालचा गॅस काढून काढून वाळूचा दगड दबत चालला होता. केंद्र शेजारच्याच हाउझिंगे गावाखाली. ३.६चा धक्का, आपल्याला ऐकायला काहीच नाही वाटत, पण तो फक्त तीनेक किलोमीटर खोल होता आणि घरं जुनी विटांची.

दुसऱ्या दिवशी आजींच्या दर्शनी भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत तडा. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेला, वरच्या बाजूला माझी करंगळी जाईल एवढा.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१३मधे, देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने उपसा कमी करा असं सांगितलेलं असताना ५४ अब्ज घनमीटरच्या आसपास गॅस काढला, आदल्या वर्षापेक्षा जास्त. म्हणजे जमीन हलत होती आणि उत्पादनाचा आकडा वर चालला होता, आणि तक्त्यात ते चांगलं वर्ष. नंतर उपसा खरंच कमी करत नेला तेव्हा तक्त्यात ग्रोनिंगनची अर्थव्यवस्था आक्रसलेली दिसायला लागली. लोकांना पहिल्यांदा जरा शांत झोप लागायला लागली ती ही वर्षं. १ ऑक्टोबर २०२३ला उपसा शून्यावर आणला आणि २०२४च्या एप्रिलमधे कायदा करून कायमचा बंद.

आणि तडे? जीडीपीत ते कुठेच वजा झाले नाहीत. साठा संपत गेला तोही वजा नाही. (२०२५मधे मंजूर झालेल्या नव्या जागतिक हिशेबपद्धतीत असा साठा संपणं निव्वळ उत्पादनातून वजा करायचं ठरलंय, पण हेडलाइनमधे येणारा ढोबळ आकडा आहे तसाच राहणार.) आजींचं घर आधी लाकडी टेकू लावून उभं ठेवलं, मग तपासायला एक माणूस आला, मग दुसरा, मग पहिल्याचा रिपोर्ट चालणार नाही म्हणून तिसरा. शेवटी पाडलं. पाडायचे पैसे, राडारोडा वाहून न्यायचे पैसे, इंजिनियरांची फी, दोन वर्षं आजी राहिल्या त्या तात्पुरत्या घराचा खर्च, नवीन बांधकाम, हे मात्र सगळं जीडीपीत जमा.

आता मी कुठलाही तक्ता केला की माणशी जीडीपीच्या शेजारी घरांच्या हातात पडणाऱ्या उत्पन्नाचा कॉलम टाकतेच. खाली टीप नाही, शेजारी कॉलम, त्याच साइझच्या अक्षरात. एकदोनदा तो काढून टाका असं सांगण्यात आलं, मी काढला नाही.

२०२३च्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले होते. आजींनी त्यांना नव्या घरात कॉफीला बोलावलं आणि बोलता बोलता कपाटातून एक जाडजूड फाइल काढली, अकरा वर्षांचे कागद, तड्याचे फोटो, प्रत्येक फोटोत शेजारी पट्टी धरलेली, मिलिमीटर दिसावेत म्हणून. बाबांना डच येत नाही. तरी त्यांनी एकेक कागद हातात घेऊन आधी तारीख बघितली, मग शिक्का, मग पुढचा कागद. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग मला मराठीत विचारलं, "ह्यातलं त्या यादीत काही येतं का गं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी कागद तारखेप्रमाणे लावले, फाइलची नाडी बांधली आणि दोन्ही हातांनी ती आजींना परत दिली.